राहेलबाईंनी मागितलेला पत्ता

"पण बाबा, त्यात खोटं काय आहे?"

निर्मलनं पुन्हा तेच विचारलं. या वेळी आवाज जरा चढला होता.

शेलारबाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते.

मी समोरच्या बाकावर, मांडीवर निर्मलच्या पुस्तकाचं हस्तलिखित. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलतात. म्हणून त्यांचं सगळं वाचन माझ्या तोंडून चालतं. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता घशाला आराम. कसलं काय.

त्या सकाळी मी त्यांना एक प्रकरण वाचून दाखवलं होतं. संपलं तसे बाबा "हे असं झालेलं नाही" एवढंच म्हणाले. तिथून वाद सुरू झाला. वाद तरी कसला, एकटा निर्मलच बोलत होता.

आधी माणसं सांगतो, नाहीतर घोळ व्हायचा.

शेलारबाबा म्हणजे आमच्या बेलगावच्या चर्चचे, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे, जुने पाळक. पाळकपण सुटलं, पण त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी मंडळीचं मासिक चालवलं होतं, त्याची सवय काही सुटली नाही. आमच्या भागात ज्याला म्हणून प्रभूविषयी काही लिहावंसं वाटतं, तो कागद घेऊन बाबांच्या ओसरीवर येतो. कुणी नाताळची कविता आणतो. कुणाला पहाटे दर्शन झालेलं असतं आणि ते छापलं नाही तर जगाचं कसं होणार, या काळजीनं तो अर्धा झालेला असतो. बाबा सगळ्यांना चहा देतात. सगळ्यांना एकच विचारतात, की कुणाला वाचून दाखवलंस का.

बहुतेकांनी दाखवलेलं नसतं.

मग बाबा म्हणतात, आधी घरात वाच, मग शेजारी वाच, आणि ज्याच्याविषयी लिहिलं आहेस त्याच्यासमोर वाचताना घसा कोरडा पडला नाही, तर खुशाल पाठव. प्रकाशकानं परत धाडलं तर पुन्हा पाठव. त्यानं नाकारलं म्हणजे देवानं नाकारलं असं समजून रडत बसू नकोस. आणि छापलं म्हणजे देवानंच छापलं, अशा थाटात मिरवूही नकोस.

हे ऐकून निम्मे लोक दुसऱ्यांदा येत नाहीत. जे येतात, त्यांच्यासाठी म्हातारा जीव टाकतो. एकेका वाक्यावर सकाळ घालवतो. मी वाचून वाचून थकतो, ते ऐकून थकत नाहीत.

निर्मल जगधने हा त्या येणाऱ्यांपैकी. बाबांचा लाडका म्हटला तरी चालेल. तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो, उपासनेत संदेश देतो, आवाज खणखणीत. भाषेवर हात बसलेला आहे, हे मी मास्तर म्हणून कबूल करतो. पण गडी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. कुणी वेलांटीची चूक जरी दाखवली तरी चेहरा असा करायचा, की आपणच चूक केली असं वाटावं.

त्यानं साक्षींचं पुस्तक लिहिलं होतं. मंडळीतल्या लोकांना आलेले अनुभव, प्रत्येकाचं एक प्रकरण. पुण्याच्या एका ख्रिस्ती प्रकाशकानं ते वाचलं आणि कळवलं, की शेलारबाबांची प्रस्तावना असेल तर पुस्तक काढू, नाताळच्या आधी काढू. निर्मलनं किती वर्षं या निरोपाची वाट पाहिली, ते मला ठाऊक आहे. याआधीची दोन पुस्तकं त्याच्या कपाटातच पडून आहेत. कॉलेजातले लोक त्याला 'लेखक' म्हणून हाक मारत, आणि ती हाक काही कौतुकाची नव्हती.

तेव्हा सगळं अडलं होतं बाबांच्या प्रस्तावनेवर. आणि बाबा अडले होते एका प्रकरणावर.

ते प्रकरण राहेलबाईंचं.

राहेलबाई आमच्या मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या करायच्या. नवरा लवकर वारला. एकच मुलगा, संदेश. तो दारूला लागला. घरातली भांडी गेली, मग पत्रा गेला, आणि एके दिवशी तोही गेला. आज कुठं आहे, आहे की नाही, कुणाला ठाऊक नाही.

आमच्याकडं उपकारस्तुतीच्या रविवारी साक्षीची वेळ असते. ज्याला सांगायचं आहे त्यानं उभं राहायचं, आपल्यावर काय आलं आणि प्रभूनं त्यातून कसं काढलं ते सांगायचं, शेवटी 'प्रभूची स्तुती असो' म्हणून खाली बसायचं. मग सगळी मंडळी आमेन म्हणते. लहानपणापासून सगळ्यांना ही चाल पाठ आहे. दुखणं आलं, प्रार्थना केली, दुखणं गेलं, स्तुती असो. पोरगा नापास झाला, प्रार्थना केली, पास झाला, स्तुती असो.

एका वर्षी राहेलबाई उभ्या राहिल्या. त्या कधी उभ्या राहत नसत. त्यांनी संदेशचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, मी रात्री दाराला कडी लावत नाही, तो आला तर दार वाजवायला लाजेल म्हणून. एवढं बोलून थांबल्या... 'स्तुती असो' काही त्यांच्या तोंडून निघेना. तशाच खाली बसल्या.

आमेन म्हणावं की नाही, कुणालाच कळलं नाही. कुणी म्हटलंच नाही. पेटीवाल्यानं घाईघाईनं पुढचं गीत काढलं.

निर्मलनं हीच साक्ष लिहिली होती. राहेलबाईंच्या जागी सुमतीबाई केली होती, संदेशच्या जागी प्रकाश, गाव बदललं होतं, बोर्डिंगाची शाळा केली होती. कडी मात्र तशीच ठेवली होती. आणि शेवटी एका संध्याकाळी ते न कडी लावलेलं दार आत ढकललं जातं, प्रकाश उंबऱ्यात उभा असतो, शुद्धीवर, डोळ्यांत पाणी. आई त्याला आत घेते. प्रभूची स्तुती असो.

वाचताना तो शेवट मलाही हवासा वाटला होता. खोटं कशाला बोलू.

तर निर्मलचं म्हणणं असं, की यात वावगं काही नाही. नाव बदललं, गाव बदललं, कुणाची बदनामी नाही. आणि वाचणारा काय म्हणून वाचतो? त्याला धीर हवा असतो. राहेलबाईंची साक्ष अर्धवट राहिली होती, त्यानं ती पुरी केली, एवढंच. शेवट नसलेली साक्ष छापून लोकांच्या विश्वासाला तडा द्यायचा का?

बाबांनी डोळे उघडले. "या पुस्तकात सगळ्यात चांगलं प्रकरण कुठलं?"

"हेच." निर्मल लगेच म्हणाला. "प्रकाशकांनाही हेच आवडलं."

"शुक्रवारची घरप्रार्थना राहेलबाईंकडं आहे. वचन वाचून झालं की हे वाच."

निर्मलनं माझ्याकडं पाहिलं. मी हस्तलिखिताची पानं सारखी करत बसलो, दुसरं काय करणार.

जरा वेळानं तो म्हणाला, की दुसरं एखादं वाचलं तर? याकोबभाऊंच्या विहिरीचं आहे, तेही बरं उतरलं आहे.

"सगळ्यात चांगलं हेच म्हणालास ना?"

"वाचतो," निर्मल म्हणाला. जायला उठला. चपला घालता घालता त्याला त्याचा धीर परत सापडला असावा, कारण पायरीवरून वळून म्हणाला, की उलट राहेलबाईंना बरंच वाटेल. त्यांनाही उमेद येईल.

बाबा तो गेल्यावर मला म्हणाले, "ओळखेल ती. चांगलं खडसावेल त्याला. त्याचं पुस्तक सुधारेल."

मला हे पटलं नाही. तसं मी तोंडावर सांगितलंही. बाईचं दुःख म्हणजे काय शिकवणीचा फळा आहे का? पण बाबांनी हातानंच थांबवलं. म्हाताऱ्याचा हट्ट, तुम्हाला काय सांगू.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही राहेलबाईंच्या खोलीत जमलो. खोली लहान, माणसं अंगाला अंग लावून बसलेली. आताचे पाळक तालुक्याला गेले होते, म्हणून बाबांनीच प्रार्थना सुरू केली. गीत झालं, वचन झालं. बाबा म्हणाले, निर्मल एक साक्ष वाचणार आहे.

निर्मलनं वाचलं. फार छान वाचलं. सुरुवातीला आवाज जरा कापत होता, पण खोली ऐकायला लागली तशी त्याला गती आली. लेखकाची जातच अशी. समोर कोण बसलं आहे याची भीती असते ती पहिल्या पानापुरती. मग ऐकणाऱ्यांचे डोळे ओले झाले, की त्याला त्याचंच कौतुक वाटायला लागतं.

राहेलबाई दाराजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. दारूचं आलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. कडीचं आलं तेव्हा त्यांनी मान वर करून निर्मलकडं पाहिलं. आणि मुलगा उंबऱ्यात उभा राहिला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या दाराकडं पाहिलं.

दारात आमच्या चपला होत्या फक्त.

निर्मलनं 'प्रभूची स्तुती असो' म्हटलं आणि पानं मिटली. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हे कुणाचं आहे. आणि शेवट झालेला नाही, हेही ठाऊक होतं. सगळे मूग गिळून बसलो. काही बायका तर खरंच आमेन म्हणाल्या, सवयीनं.

बाबा वाट पाहत होते. त्यांचा चेहरा राहेलबाईंच्या दिशेला होता.

आमच्याकडं ज्याच्या घरी प्रार्थना, शेवटची विनंती त्यानं करायची, अशी रीत आहे. राहेलबाईंनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले.

"हे बापा, त्या बाईचं पोरगं तू घरी आणलंस, तुझे फार उपकार. तिनं फार सोसलं. आज तिच्या घरात दोन ताटं लागत असतील." मग त्या थांबल्या... "ऐकताना मला तिचा हेवा वाटला, बापा. तेवढी मला क्षमा कर. दुसरीच्या सुखावर मी डोळा ठेवला. आणि तिच्यासारखं माझ्याही संदेशला रस्ता दाखव. आमेन."

मी बाबांकडं पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना व्यासपीठावर पाहिलं, मयतीला पाहिलं, मंडळीच्या भांडणांत पाहिलं. असा चेहरा पाहिला नव्हता. उतरून गेला होता अगदी. त्यांनी काय योजलं होतं आणि काय झालं होतं.

चहा आला. निर्मल कोपऱ्यात कप धरून बसला होता, पीत नव्हता. राहेलबाई सगळ्यांना देऊन झाल्यावर त्याच्यापुढं येऊन बसल्या.

"सर, आधी मला वाटलं, तुम्ही माझंच सांगताय. ती कडीबिडी... अगदी माझ्यासारखंच. मग तो परत आला, तेव्हा कळलं, की नाही, ही दुसरी कुणीतरी."

निर्मलनं कप खाली ठेवला.

"कुठल्या मंडळीतली हो ही बाई? मला तिला भेटायचंय. जास्त वेळ नाही घेणार तिचा. ती काय प्रार्थना करत होती, उपास कुठल्या वारी करत होती, तेवढं विचारून येईन. माझ्या करण्यात काही कमी पडत असेल ना, म्हणून तर..."

मला वाटलं, आता तरी हा बोलेल. हस्तलिखित मांडीवर होतं. त्यातली सुमतीबाई समोर बसली होती. एक वाक्य बोलायचं होतं.

निर्मल म्हणाला, "त्या... लांब असतात. जालन्याकडं."

"जालना काय लांब आहे. थेट गाडी आहे."

"पत्ता बघावा लागेल मला. देतो."

"द्या हं सर, आठवणीनं," राहेलबाई म्हणाल्या आणि त्याचा न प्यायलेला कप उचलून, गार झाला म्हणून गरम करायला घेऊन गेल्या.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं एकाच रस्त्यानं परतलो. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. फाट्यावर निर्मल वळला, नमस्कारसुद्धा न करता.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन बाबांकडं गेलो, तर निर्मल आधीच येऊन बसलेला. दाढी केलेली नाही, डोळे तांबारलेले. त्यानं रात्रभर विचार करून मार्ग काढला होता, तो बाबांना सांगत होता. हे प्रकरण पुस्तकातून काढून टाकायचं. प्रकाशकांना कळवायचं. त्याच्या जागी याकोबभाऊंची विहीर घालायची. झालं.

बाबा म्हणाले, "पुस्तक सुटलं. ती बाई कशी सुटणार?"

निर्मल म्हणाला, की हळूहळू विसरतील त्या. चार-सहा महिने पत्ता सापडत नाही म्हणायचं... मग त्यालाच ते ऐकवलं नाही. त्यानं मान खाली घातली. तरी पुढं म्हणालाच, की खरं सांगितलं तर बाईंची आशा तुटेल, आणि ते पाप मोठं नाही का? इथं मला वाटलं, बाबा काहीतरी बोलतील. त्याच्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. कालची ती प्रार्थना मीही ऐकली होती. बाईच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तसं काहीतरी दिसलं होतं.

बाबा फक्त म्हणाले, "तिची आशा तुझ्या पुस्तकाच्या आधीची आहे."

चिंचेच्या झाडावर साळुंक्या भांडत होत्या.

मग निर्मलनं विचारलं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. इतकं होऊनही त्यानं विचारलंच, की मग प्रस्तावनेचं काय. प्रकाशकांचा फोन आला होता, त्यांना या आठवड्यात हवी आहे. वर्षानुवर्षं वाट पाहिलेला माणूस. बुडतानासुद्धा हात तिकडंच गेला त्याचा.

"देतो की," बाबा म्हणाले. "आत्ताच देतो. मास्तर, कागद घ्या."

मला वाटलं, म्हातारा चळला. निर्मलही बघत राहिला. त्याच्या तोंडावर क्षणभर उजेड पडला, तो मी पाहिला. मी कागद घेतला, पेन उघडलं.

बाबा एकेक शब्द सावकाश सांगू लागले. मासिकाच्या वेळी सांगायचे तसे, विरामचिन्हांसकट.

"हे पुस्तक चांगल्या मराठीत लिहिलेलं आहे, पूर्णविराम. लेखकाला माझा आशीर्वाद आहे, पूर्णविराम. यातल्या एका आईचा मुलगा घरी परत आलेला आहे, पूर्णविराम. ज्या आयांची मुलं परतली नाहीत, स्वल्पविराम, त्यांनी या आईला जाऊन भेटावं, पूर्णविराम. तिचा पत्ता..."

बाबा थांबले.

मी पेन टेकवून वाट पाहिली.

"निर्मल, पत्ता सांग. मास्तर लिहून घेतायत."

निर्मल कानापर्यंत लाल झाला. मग दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मोठा माणूस, कॉलेजात शिकवणारा, आणि खांदे असे हलत होते. मला तिथं बसवेना. उठून जावं तर तेही बरं दिसेना. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"लाज वाटतेय, बाबा," तो हातांआडून म्हणाला. "फार लाज वाटतेय."

"मलाही," बाबा म्हणाले.

निर्मलनं हात बाजूला केले.

बाबा म्हणाले, "मला वाटलं होतं, ती ओळखेल, चिडेल, तुला चार शब्द सुनावेल. तुझं डोकं ठिकाणावर येईल आणि मी प्रस्तावना लिहीन. तिच्या खोलीत मी तुझी शाळा भरवली. तिला विचारलं नाही. तू तिचा शेवट लिहिलास, आणि मी तिचा राग लिहून ठेवला होता..." ते पुढं म्हणाले, "तिनं काय केलं, तर क्षमा मागितली. तिनं. आणि आपण दोघं चहा घेऊन बसलो."

मी त्यांना पुन्हा काही बोलणार नव्हतो. त्या दिवशी सांगितलं होतं तेवढं पुरे होतं.

बाबा आरामखुर्चीतून उठायला लागले. त्यांना एकट्यानं उठवत नाही, पण मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. चाचपडत आले आणि निर्मल बसला होता त्या सतरंजीवर, त्याच्या शेजारी खाली बसले. गुडघे वाजले. ओसरीवर येणारा खाली बसतो आणि बाबा खुर्चीत, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यांना खाली बसलेलं पाहून निर्मल गडबडून उठायलाच लागला. बाबांनी त्याचा हात धरून त्याला बसवलं.

तेवढ्यात कंपाउंडचं फाटक वाजलं.

राहेलबाई आत येत होत्या. अंगावर रविवारचं पातळ. हातात कापडी पिशवी, वरून दोरीनं बांधलेली. फाटकापासूनच त्यांनी मला हात केला आणि सांगितलं, की सर घरी नव्हते, इथं आलेत असं कळलं, म्हणून पत्ता घ्यायला इकडंच आले. दुपारची गाडी आहे जालन्याची. त्या बाईकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि थोडं बाजरीचं पीठ घेतलंय. तिच्या पोराला भाकरी आवडत असेल. एवढ्या दिवसांनी घरी आलाय, बाहेरचं खाऊन तोंड खराब झालं असेल त्याचं.

निर्मलनं पिशवीकडं पाहिलं. मग मागं पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडं. ते दार मागच्या अंगणात उघडतं.

"बाबा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही सांगा ना तिला. तुमच्या तोंडून आलं तर सोसेल तिला. माझ्यानं नाही व्हायचं."

बाबांनी त्याचा हात सोडला नव्हता. "मी शेजारी बसतो."

"बसा. पण बोला तुम्ही."

राहेलबाई पायऱ्यांशी आल्या. चपला काढल्या, बाजूला नीट लावून ठेवल्या. पदर सारखा केला.

बाबा तिकडं तोंड करून बसून राहिले...

"पुस्तकावर नाव कुणाचं आहे, निर्मल?"